घोंगड्याखालचा टीव्ही

मी कंपनीत टेस्टिंगला आहे. रांजणगावला. तयार झालेल्या बोर्डाला वीज लावायची, रीडिंग आलं तर पुढे पाठवायचा, नाही आलं तर लाल स्टिकर. चौदा वर्षं हेच केल्यामुळे स्वभावही तसाच झालाय. घरात कुणी काही म्हणालं की माझं पहिलं वाक्य, "कशावरून?" नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलणं म्हणजे चौकीत जबाब देणं. असू दे. पण आता जे सांगणार आहे त्याला मला अजून कुठलंच स्टिकर लावता आलेलं नाही, आणि त्याचा मला राग येतो.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला. भीमा ओलांडली की दौंड. सासरची माणसं मूळची मेंढपाळ, आता दोन पिढ्या ऊस लावतात. मेंढरं गेली, पण घोंगडी राहिली आणि माळावरचा बिरोबा राहिला. देऊळ म्हणजे दगडी खोली आणि पुढे ओटा. माझे चुलत आजेसासरे म्हणे त्या ओट्यावर बसून जत्रेत भाकणूक सांगायचे. पाऊस कधी, पीक कसं, रोगराई येणार की नाही, सगळं वर्षाचं आधीच. ते गेले आणि भाकणूक थांबली. मी लग्न होऊन आले तेव्हा ओट्यावर फक्त कुत्री झोपायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांना क्रिकेटचं वेड. आयुष्यभर रेडिओवर ऐकलं, पण शेवटी शेवटी ऐकू कमी यायला लागलं आणि माणूस कोमेजला. मोबाईलवर मॅच लावून द्यावी तर आमच्या घरात नेट गोल गोल फिरतं. अशात एका दिवाळीत डिप्लोमाची माझी मैत्रीण दौंडहून आली. ती एका चाचणीच्या कामावर होती. हातात मावणारा टीव्ही, त्याला ओढायची अँटेना. सिम नाही, रिचार्ज नाही, नेट नाही. पुण्याकडच्या डोंगरावरून टॉवर चित्र सोडतो, ते हवेतून येतं, चालत्या जीपमध्येसुद्धा दिसतं. असे काही सेट गावोगाव द्यायचे आणि कुठे दिसतं, कुठे नाही, ते लिहून घ्यायचं. "तुझ्या सासऱ्यांना दे," ती म्हणाली, "रिकामा माणूस बरा, नीट फिरून बघतो."

मामा तो सेट घेऊन आठवडाभर गाव पालथं घालत होते. अंगणात नाही, गच्चीवर चित्र चौकटी चौकटी होऊन गोठायचं, विहिरीजवळ काहीच नाही. सगळ्या शिवारात एकाच जागी ते स्वच्छ दिसलं. बिरोबाच्या ओट्यावर. माळ उंच आहे आणि पुण्याच्या बाजूला उघडा आहे, एवढंच त्याचं कारण. मी ते मैत्रिणीच्या कागदावर लिहूनही दिलं.

झालं, मामांचा मुक्काम ओट्यावर. पण माळावर दुपारचं ऊन असं की स्क्रीनवर काही दिसेना. मग त्यांनी डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि सेट आत धरला. खालून पाहिलं तर ओट्यावर काळ्या घोंगड्याचा ढीग दिसायचा आणि वर अँटेनेची काडी. बॅटरी तीन तास टिकायची. संध्याकाळी घरी आले की पहिलं काम म्हणजे सेट माझ्या हातात देणं. "लाव बाय ह्याला," म्हणायचे. मी फ्रिजच्या मागच्या प्लगला लावायचे.

माळाच्या पायथ्याशी चहाचं हॉटेल आहे. तिथे मॅच असली की दहा-बारा माणसं मोबाईलवर डोकी घालून बसतात. एके दिवशी वरून आरोळी आली, "गेला!" माणसांनी वर पाहिलं. इकडे मोबाईलवर बॉलर अजून बॉल पुसत होता. धावला, टाकला, आणि दांडी उडाली. तेव्हा लोक हसले. थोड्या वेळाने वरून, "चार!" आणि बऱ्याच वेळाने खाली चौकार. त्या दिवशी मामांचं एकही बोलणं चुकलं नाही.

मला कारण लगेच कळलं. टॉवरचं चित्र सरळ येतं. मोबाईलवरचं चित्र इंटरनेटच्या शंभर पायऱ्या उतरत येतं, त्याला अर्धा मिनिट उशीर होतो. गावातल्या पोरांना हे कळायला हवं होतं, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आबांकडं पण मॅचच, आमच्याकडं पण मॅचच. मॅच तर एकच हाय. मंग आधी कळतंय ते टीव्हीला न्हाई, आबांनाच कळतंय. शिवाय जागा तीच, घोंगडं तेच, घराणं तेच. आणि मधेच चित्र गोठलं की मामा घोंगड्याखाली निपचित बसायचे. खालच्या लोकांना वाटायचं, अंगात येतंय.

मी गंमत बघत राहिले, हे मला कबूल केलं पाहिजे. मामांना कुणी विचारत नव्हतं, आता वाटेत माणसं थांबून रामराम घालायला लागली. कुणी हरवलेल्या शेळीचं विचारलं, कुणी मुलीच्या स्थळाचं. मामा घोंगड्यातून काहीतरी चांगलंच बोलायचे, "व्हईल, व्हईल." शेळी सापडली. शेळ्या सापडतातच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण म्हातारा ताठ चालायला लागला होता, आणि मला ते आवडत होतं.

मग काकींची गाठ निघाली.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, मामांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लवकर गेले, मूलबाळ नाही. माझी सासू आजारी असायची, म्हणून माझ्या नवऱ्याला काकींनीच लहानाचं मोठं केलं. मला घरात पहिल्या दिवशी कुणी जेवलीस का म्हणून विचारलं असेल तर काकींनी. मार्गशीर्षात एकदा अंघोळीनंतर त्यांनी माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हितं काय हाय गं?" माझ्या बोटांना गाठ लागली.

दौंडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं. पुण्याला न्या, ऑपरेशन करा, वेळ घालवू नका. आत्ता गेलात तर बाई वाचेल. काकी शांतपणे ऐकत होत्या. जीपमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "मी न्हाई जायची." त्यांची थोरली बहीण अशीच पुण्याला नेली होती, ती परत आली ती ॲम्ब्युलन्समधून, झाकलेली. घरी येऊन मी रडले, भांडले, नवऱ्याने पाय धरले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या म्हणाल्या, "आबांना दिसंल. त्यांनी जा म्हटलं तर जाईन."

तेव्हा मला माझ्या गप्प बसण्याची किंमत कळली. दुसऱ्या दिवशी मॅच होती. काकींना हाताला धरून मी माळावर नेलं, मामांना घोंगडं बाजूला करायला लावलं, सेटशेजारी माझा मोबाईल धरला. "बघा काकी. इथं बॉल पडला. आता थांबा. थांबा. हा बघा, मोबाईलवर आत्ता पडला. देव नाही, भाकणूक नाही. एक चित्र लवकर येतंय, एक उशिरा."

काकींनी दोन्हीकडे नीट पाहिलं. पदर सारखा केला. मग मला म्हणाल्या, "म्हंजी ह्यांना आधी कळतं आन् आपल्याला मागनं. मी दुसरं काय म्हणतीय?"

मी कपाळावर हात मारला. मामा हसले नाहीत. त्यांनी सेट उचलला आणि पुन्हा घोंगडं ओढून घेतलं.

आणि विचारायचं तरी कसं? थोरल्या दिरासमोर काकी चाळीस वर्षांत उभ्या राहून बोलल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, ताट वाढायचं तेसुद्धा दाराआडून सरकवायचं. संक्रांत गेली. मी रोज सकाळी कामावर जाताना काकींच्या तोंडाकडे बघायचे आणि रोज एक दिवस वाया गेला म्हणून स्वतःला शिव्या द्यायचे. मामांना सेटबद्दल, जेवणाबद्दल, कशाबद्दलच विचारायचं भान मला त्या दिवसांत नव्हतं. ते दुपारी माळावर जात, संध्याकाळी येत, हॉटेलातली माणसं तशीच वर बघत.

एका रविवारी मी न राहवून एकटीच वर गेले. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. मोबाईलवर मॅच लावलेली होती, हातात नुसती धरलेली. वारा पडला होता. घोंगडं हलत नव्हतं.

"मामा," मी मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला ठावं हाय ना, हे यंत्राचं हाय ते?"

"ठावं हाय की. तूच दाखवलंस," आतून आवाज आला.

"मंग काकींना सांगा, जा म्हणून. खोटं तर खोटं. एवढं एकच सांगा. तुमचं ऐकतील त्या. नाहीतर मरतील मामा, डॉक्टर म्हणालेत."

मग ते म्हणाले, "गेला." मी दचकले. त्यांचं बोलणं मॅचबद्दल होतं हे कळायला मला क्षण लागला. मांडीवरच्या मोबाईलकडे पाहिलं. बॉलर परत आपल्या जागेकडे चालला होता. वळला, धावला, आणि बॅट्समन कॅच देऊन गेला. नेहमीसारखाच, अर्ध्या मिनिटाने.

"आण तिला उद्या," घोंगडं म्हणालं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. काकींनी जत्रेत नेसतात ते लुगडं नेसलं, कपाळाला भंडारा लावला. मला वाटलं होतं समोर गेल्यावर त्या मुक्याच होतील. पण समोर दीर नव्हतेच, घोंगडं होतं. त्या ओट्यापाशी खाली बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलल्या. "आबा, मी जाऊ का पुण्याला?"

"जा."

माझ्या अंगावरून इतकं ओझं उतरलं की मी काकींना उठवायला हात पुढे केला. पण आतला आवाज थांबला नव्हता. तो नेहमीपेक्षा खालचा होता, आणि मामा एरवी थांबत थांबत बोलायचे तसा थांबत नव्हता.

"जा. माघारी येशील. उंबऱ्यात पाय ठेवशील तवा घरात रडणं असंल. पर तुझ्यापायी न्हवं. भिऊ नगंस, उजवा पाय आत घाल."

काकी ओट्याला डोकं टेकवून उठल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांना खाली पोचवून मी तरातरा परत वर आले. मला संताप आला होता. "मामा, मी फक्त जा म्हणायला सांगितलं होतं. ते रडण्याचं कशाला घातलंत? आजारी बाईला भीती घालतात का?"

"तू सांगितलंस ते तुझं व्हतं," ते म्हणाले, "म्होरलं मला दिसलं."

"काय दिसलं? कुठं दिसलं?"

मी घोंगडं ओढून बघू शकले असते. हात पुढे केलासुद्धा. पण ज्या हाताने रोज बोर्डाला वीज लावते, तो हात त्या काळ्या लोकरीपर्यंत गेला आणि परत आला. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी खाली निघून आले.

पुण्याचं सगळं नीट झालं. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले अजून महिना उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. मी दवाखान्यात काकींजवळ राहिले. मामांचा मोबाईल नव्हताच, नवरा रोज सांगायचा, बरे आहेत, माळावर आहेत. होळी होऊन गेल्यावर आम्हाला सोडलं. पाटसला हायवेवर उतरून जीप केली. काकी वाटेत पहिल्यांदा खाण्याचं बोलल्या, म्हणाल्या घरी गेल्यावर चुलीवरची भाकरी खाईन. नदीचा पूल ओलांडला तेव्हा नवऱ्याचा फोन येत होता, पण पुलावर नेहमीच आवाज तुटतो. मला वाटलं, किती वाजता पोचताय ते विचारत असेल.

जीप थांबली तेव्हा आमच्या दारात माणसं उभी होती. आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. तासाभरापूर्वी हॉटेलातल्या माणसांनी मामांना माळावरून आणलं होतं. मॅच संपली तरी घोंगडं उठेना, म्हणून ती वर गेली होती.

मी अंगणातच थांबले. काकी मात्र माझ्या खांद्याचा आधार सोडून पुढे झाल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "माझ्यापायी न्हवं," इतकंच म्हणाल्या, आणि उजवा पाय आत घातला. मग त्या जशा रडल्या तसं मी कुणाला रडताना ऐकलेलं नाही.

हे सगळं मी समजून घेऊ शकते. वय झालं होतं, आपलं आपल्याला कळतं काही माणसांना. त्यांना छातीत दुखत असेल आणि त्यांनी आम्हाला सांगितलं नसेल. काकींना निदान सावध करावं म्हणून बोलले असतील आणि बोलाफुलाला गाठ पडली असेल. तेराव्यापर्यंत मी मनाशी हेच ठरवून टाकलं होतं, आणि ते ठीक बसत होतं.

तेराव्यानंतर मैत्रीण भेटायला आली. मी तिला सेट परत द्यायला काढला. ती म्हणाली, "अगं, हा राहिलाच का तुझ्याकडे? मला वाटलं तू तेव्हाच कुणाबरोबर तरी पाठवलास. तुमच्या बाजूची चाचणी संक्रांतीलाच बंद केली. टॉवरवरून सोडणंच थांबवलं."

मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, तिनेच शेवटची रीडिंगं घेतली होती. मी पुन्हा म्हटलं, शक्य नाही, मी रविवारी स्वतः तिथं बसले होते, माघ चालू होता, हातात मोबाईल होता, ते म्हणाले "गेला" आणि मग गेला. तिने माझा हात हातात घेतला. मी दुःखात आहे म्हणून बोलतेय असं तिला वाटलं असणार.

ती गेल्यावर मी टेस्टिंगला बसले. दुसरा मार्ग शोधला. रेडिओ असेल घोंगड्यात. रेडिओ त्यांच्या खाटेखाली सापडला, सेल फुटून आत हिरवं साचलं होतं, बरीच वर्षं झाली असावीत. कुणाचा मोबाईल? त्यांना लावता येत नव्हता, आणि मोबाईल असता तरी तो उशिराचाच. हॉटेलातल्या माणसांना एकेकाला विचारलं. संक्रांतीनंतर आबा चुकले का कधी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकीचा होता. "आबा कशाला चुकतील?"

मग सेटला हात लावल्यावर मला आठवलं. फ्रिजच्या मागचा प्लग. संक्रांतीनंतर एकाही संध्याकाळी मामांनी तो माझ्या हातात दिला नव्हता. "लाव बाय ह्याला" हे वाक्य मी त्यानंतर ऐकलंच नव्हतं. काकींच्या काळजीत माझ्या ध्यानातही आलं नाही. म्हणजे तीन तासांत बॅटरी संपली असणार आणि नंतर ते रोज दुपारी डोक्यावर घोंगडं घेऊन एका काळ्या काचेपुढे बसत होते. अँटेना मात्र रोज पूर्ण ओढलेली असायची. ती मी खालून रोज पाहायचे.

मैत्रीण तो सेट न्यायचं विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, मी विचारलं नाही. तो माझ्या कपाटात आहे, घोंगड्यात गुंडाळलेला. काकी आमच्यातच आहेत, भाकऱ्या थापतात, माझ्यावर ओरडतात. दर सहा महिन्यांनी त्यांना पुण्याला तपासणीला न्यावं लागतं, आणि दर वेळी आदल्या आठवड्यात त्या कपाटाकडे बघतात.

काल पुन्हा म्हणाल्या, "लावून बघ की एकदा त्याला. तुला येतंय ना ते समदं."

"काकी, टॉवरच बंद हाय," मी म्हटलं. "काय दिसणार त्यात?"

"दिसणार न्हाई तर भितीस कशाला?"

मी चिडले, पीठ मळत राहिले. रोज शंभर बोर्डांना वीज लावून बघणारी बाई मी. चार्जर त्याच प्लगजवळ लटकतोय. लावून बघायला हात धजत नाही. काकींचा रिपोर्ट सोमवारी आहे.